सिगडीची कॉइल

बायको गेली अन् महिन्याभरात तिची बिजलीची सिगडीही बंद पडली. माहा पोट्टा फोनवर म्हणे, फेका. मी ती पुरानी बस्तीतल्या फुटपाथवरच्या मेकॅनिककडं नेली.

त्यानं विचारलं, “तुमच्या पाऱ्यात-मोहल्ल्यात व्होल्टेज बरोबर येते?”

“हव.”

“चहा कोण बनवते?”

“मीच. बायको मेली.”

त्यानं कॉइलचा डब्बा उघडला. मग एकेक कॉइल मीटरवर लावून त्यानं सर्वात जास्त रेझिस्टन्सवाली निवडली, अन् श्वास रोखून हळूहळू ताणली.

मी भडकलो. “काहून भैया? ही तर धीमी तापंन!”

“तापू द्या काका. दूध ठेवल्यावर एकट्या माणसाचं ध्यान भटकते.”

त्याच हप्त्यात गॅसवर मी दुधाचे दोन गंज जाळले होते, अन् हे पोट्ट्यालेही सांगतलं नव्हतं.