हुकाची पिन

माझा मित्र सुधाकर झोपेतच गेला, हे त्याच्या मुलीने, प्राचीने फोनवर सांगितलं तेव्हा मी कोपरला माझ्या घरी चहा पीत होतो. महिना झाला त्याला. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मला भीती वाटली... एक गोष्ट आता त्याला कधीच सांगता येणार नव्हती.

बाळकुमच्या सोसायटीत, गाड्यांच्या रांगेत त्याची शिडाची छोटी होडी ट्रेलरवर उभी असायची. रविवारी सकाळी मी पोचायचो. डोलकाठी आडवी बांधायची, तिच्या टोकाला लाल फडकं लावायचं, चाकांची हवा बघायची आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रांगत खाडी गाठायची. तिथे पुन्हा सगळं सोडायचं, डोलकाठी उभी करायची. परतल्यावर खारं पाणी धुऊन काढायचं. तासभर वाऱ्यासाठी पाच तासांची हमाली, असं मी कुरकुरायचो. "तुला बोलावलंय कुणी?" म्हणायचा, आणि पुढच्या शनिवारी स्वतःच फोन करायचा.

त्याची एक शिस्त होती. ट्रेलर गाडीला त्याने अडकवायचा, हूक सुटू नये म्हणून त्यात घालायची पिन मी बघायची. स्टिअरिंगवर बसून तो विचारायचा, "पिन?" मी वाकून बघायचं आणि "आहे" म्हणायचं. एका रविवारी माझी कंबर धरली होती. मी न वाकताच "आहे" म्हणालो. चढावर खाडकन आवाज झाला. हूक सुटून ट्रेलर नुसत्या साखळीवर ओढला जात होता, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर स्कूटरवर एक बाई, पुढ्यात लहान मुलगी. सुधाकरने गाडी कडेला घेतली. "पिन तुटून पडली असणार रे," तो म्हणाला. मी मान डोलावली. सोसायटीत परतल्यावर ती मला जमिनीवर सापडली, अख्खी; म्हणजे ती लावायचीच राहिली होती. मी ती गुपचूप कचऱ्यात टाकली. अजूनही मागे स्कूटरचा ब्रेक करकचला की मी गर्रकन वळून बघतो.

गेल्या आठवड्यात प्राचीचा फोन आला. "काका, होडी आता मी नेणार. रविवारी याल? बाबा म्हणायचे, तुम्ही 'आहे' म्हटलंत की परत बघायला नको."

मी गेलो. तिने गाडी सुरू केली आणि विचारलं, "काका, पिन?" पिन जागेवर होती, मी दोनदा ओढून पाहिली होती. तरी मी 'आहे' म्हटलं नाही. "खाली उतर, प्राची," मी म्हणालो, "तू स्वतः बघ." मग त्या रविवारचं सगळं सांगून टाकलं, कचऱ्यात टाकलेल्या पिनेसकट.

ती हुकापाशी उकिडवी बसली आणि तिने पिन ओढून पाहिली. मग उठून तिने हात पुसले.

"दर रविवारी या, काका," ती म्हणाली. "पण पिन मी बघणार."