गाडीतला स्वित्झर्लंड

इथे बहारीनमध्ये ईसा टाउनहून मनामाला मी रोज ज्यांच्या गाडीतून ऑफिसला जातो, ते गृहस्थ अकाउंटंट आहेत, मूळचे पुण्याचे, आणि बोलतात फक्त स्वित्झर्लंडबद्दल. तिथे कधी गेलेले नाहीत. "सात जण मिळून सरकार चालवतात. राष्ट्राध्यक्ष दर वर्षी बदलतो. कोणाच्या लढाईत पडत नाहीत." ज्या देशांची आपसांतली बोलणी बंद आहेत, त्यांचे निरोपही म्हणे स्वित्झर्लंड इकडून तिकडे पोचवतं.

हे काम त्यांनी गाडीतही सुरू केलं. मागच्या सीटवरचे कुलकर्णी आणि मी गणपतीच्या कमिटीवरून भांडलो होतो, तेव्हापासून आमचा अबोला. कुलकर्णी मागून काही बोलले की मला नीट ऐकू यायचं. तरी हे गृहस्थ मान न वळवता मला पुन्हा सांगायचे, "कुलकर्णी म्हणतात, एसी कमी करा." आवाज सपाट, बातम्या वाचल्यासारखा.

मग माझे वडील गेले. साताऱ्याहून परतल्यावर पहिल्याच सकाळी कुलकर्णी मागून म्हणाले, "त्यांना सांगा, ऐकून वाईट वाटलं."

यांनी गाडी कडेला घेतली. "हा निरोप मी देणार नाही," म्हणाले, एसी चालू ठेवून खाली उतरले आणि आमच्याकडे पाठ करून उन्हात उभे राहिले.

कुलकर्णी सीटवर पुढे सरकले.

"वय काय होतं वडिलांचं?" कुलकर्ण्यांनी विचारलं. मी सांगितलं.

हे परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. गाडी रस्त्यावर घेत म्हणाले, "तर स्वित्झर्लंडला समुद्र नाही."