कोऱ्या नळीतला गुलाबी रंग

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काकू म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. रक्तातला नायट्रिक ऑक्साइड मोजण्यात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. हा वायू रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवतो, पण रक्तात क्षणभरही टिकत नाही, मागे उरलेल्या नायट्राइट या क्षारावरून त्याचा माग काढावा लागतो. रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं करायचं, बारीक फिल्टरमधून गाळायचं आणि त्यात रसायन घालायचं. रंग जितका गडद गुलाबी, तितका वायू जास्त.

त्या दिवशी बारा वाजता औषधाची चाचणी चालवणारे डॉक्टर पुढची मंजुरी देणाऱ्या समितीपुढे उभे राहणार होते. रक्तदाबाच्या नव्या औषधानं चाळीस रुग्णांमधला वायू जवळजवळ दुप्पट झाला होता. आकडे काकूंनीच काढलेले होते.

सकाळी मनाच्या समाधानासाठी त्यांनी नुसतं शुद्ध पाणी फिल्टरमधून काढलं. रसायन घातल्यावर ते तसंच कोरं, बिनरंगी राहायला हवं होतं. ते गुलाबी झालं.

त्यांनी हातमोजे बदलले, नवी नळी घेतली आणि न गाळलेल्या पाण्यात रसायन घातलं. पाणी कोरंच राहिलं. फिल्टर चार वेळा धुऊन पाहिला, तेव्हाही कोरं. न धुतलेला लावला की पुन्हा गुलाबी. म्हणजे नायट्राइट फिल्टरमधूनच येत होतं.

त्यांनी वही उघडली. औषधाआधीच्या प्रत्येक नमुन्यापुढे त्यांच्याच अक्षरात 'फिल्टर धुतले' असं होतं. औषधानंतरच्या एकाही नमुन्यापुढे नव्हतं. तेव्हा कामाचा डोंगर साचला होता, आणि पाकीटबंद माल स्वच्छच असणार म्हणून त्यांनी धुणं सोडून दिलं होतं.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

"कुणाला कळेल का?" त्यानं विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग झाकली मूठ राहू दे की. दोन वर्षांत निवृत्त होशील."

"अहो, लोक ते औषध घेतील ना."

तो म्हणाला, "दोर घासलेला दिसला की मीही लिफ्ट बंद ठेवतो. वरच्या मजल्यावरचे शिव्या घालतात. जा, सांगून टाक."

डॉक्टर कोट चढवून निघालेच होते. काकूंनी गुलाबी आणि कोरी अशा दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"सर, औषधानंतरचे आकडे चुकलेत. फिल्टर मी धुतले नव्हते."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "वीस मिनिटं उरलीत काकू, आणि हे आत्ता सांगताय?"

"आत्ताच कळलं, सर."

ते मटकन खुर्चीत बसले.

"नमुने उरलेत?"

"एकतीस जणांचे. फ्रीझरमध्ये आहेत."

डॉक्टरांनी कागद तिथेच टाकले आणि ते रिकाम्या हातानं समितीपुढे गेले. तिथे त्यांची चांगलीच खरडपट्टी निघाली, असं शिपायाकडून कळलं.

काकूंनी नऊ दिवस खपून सगळे नमुने पुन्हा मोजले. मोजताना त्यांचा कल आकड्यांवर पडू नये म्हणून कोणती नळी कुणाची, हे दुसऱ्याच माणसानं लपवून ठेवलं होतं. शेवटी एकतीसपैकी फक्त सहा जणांत थोडीशी वाढ दिसली. औषधाचं काम तिथेच थांबलं.

काकूंना ठपक्याचं पत्र मिळालं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही करून परत दिलं. डॉक्टर महिनाभर कामापुरतंच बोलले. मग एके दिवशी नवे नमुने घेऊन आले, डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुम्हीच मोजा."