विहिरीवरचा दोर

मानमोडीचा ताप आला त्या साली पावसानंही दगा दिला होता. सोयगावकडच्या डोंगराच्या पायथ्याला पिंपळखोरा नावाचं तीस-चाळीस उंबऱ्यांचं गाव. तिथला कडूबा वैरण नाही म्हणून औरंगाबादेच्या बाजारात बैल विकायला गेला, तो ताप घेऊनच परतला. चौथ्या दिवशी सरला. खांदा द्यायला कुणी फिरकलं नाही. त्याची बायको साळूबाई स्वतःच तापानं फणफणलेली. तिनं त्याला घोंगडीवर घालून खळ्यापर्यंत ओढत नेलं, सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत ठेवलं आणि गंजच पेटवून दिली. चुलीतला निखारा त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीनं, आवडानं आणला होता.

आठवडाभरात घरटी एक-दोन माणसं गेली. काकासाहेब पाटलानं फर्मावलं, की धडधाकट असतील त्यांनी मळ्यात झोपड्या टाकाव्यात, तापकऱ्यांनी गावातच राहावं. एका सकाळी बैलगाड्या निघाल्या. साळूबाई दाराशी पडून बघत होती. शेवटची गाडी विहिरीपाशी थांबली. पाटलाच्या गड्यानं रहाटावरचा दोर सोडला, गुंडाळला आणि गाडीत टाकला. पोहराही उचलला. आजाऱ्यांचा हात विहिरीला लागू नये, असा पाटलाचा हुकूम होता. गाड्या गेल्या. मागं कुत्रीही राहिली नाहीत.

घरातलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. आवडा सारखी ओठ चाटत होती. रडणंही थांबलं होतं तिचं, आणि साळूबाईला त्याचीच धास्ती बसली. ती भिंतीला धरून उठली. कडूबाचा पटका खुंटीला होता. त्याला तांब्या बांधून तिनं विहिरीत सोडला. पण पाणी खोल गेलेलं, पटका चार-पाच हात कमी पडला. तिनं अंगावरचं लुगडं फेडलं, पटक्याला गाठ मारली आणि घोंगडी पांघरून काठावर बसली. आईनं विहिरीत उतरू नये म्हणून आवडानं घोंगडीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तांब्या अर्धा भरून वर आला. आवडा प्यायल्यावर साळूबाईनं घोट घेतला, आणि मग तिच्या तोंडात घाण शिवी आली. तिनं ती मोठ्यानं दिली. ऐकायला कुणी नव्हतं.

अंगात जीव आला तशी ती दारोदार पाणी घेऊन फिरली. जब्बार पिंजाऱ्याचे दोन्ही लेक तापानं गेले होते. म्हातारा कापसाच्या ढिगात पडून होता, पण धुगधुगी होती. त्याच्या तोंडात तिनं चिंधीनं पाणी पिळलं. द्वारकाबाईच्या घरी मात्र तिला उशीर झाला. द्वारका जात्यापाशी पडलेली, आणि तिचं लेकरू कोरड्या रांजणात डोकं घालून गेलेलं. साळूबाईनं दाराची कडी लावली. आवडाला तिनं अंगणातच थांबवलं होतं.

बाकी घरांत कुणी जितं उरलं नव्हतं; दीड महिना साळूबाई, आवडा आणि जब्बार या तिघांनी काढला. उभ्या रानातली करपलेली बाजरी खुडायची, हातावर मळायची, भाजून खायची. आवडा रोज विचारायची, माणसं कधी येतील. साळूबाई म्हणायची, "आपुन मानसंच हाय की."

साथ ओसरल्यावर गाव परतलं. चैत्रात पाटलानं मरीआईचा भंडारा घातला. पंगत बसली तेव्हा बद्रीनाथ गुरव बोलायला उभा राहिला. काकासाहेबांनी वेळेवर अक्कल चालवली म्हणून गाव वाचलं, असं म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. साळूबाई बायकांच्या पंगतीत होती. ती उठली.

"पाटील, हिरीवरचा दोर कुनी नेला, ते बी सांगा पंगतीला."

काकासाहेब शांतपणे म्हणाला, "गाव वाचवायसाठी नेला. पानी बाटलं असतं तर कुनीच राह्यलं नसतं."

"गाव म्हंजी कोन?" साळूबाईचा आवाज खाली येत नव्हता. "आमी गावात नव्हतो? द्वारकाचं लेकरू रांजनात डोकं घालून मेलं. ते तापानं नाय मेलं, पाटील. तहानेनं मेलं. तुमी मारलं."

वाढपी थांबले. जब्बार पिंजारी हात धुऊन पंगतीतून उठला. मग द्वारकाचा दीर सांडू उठला. बाकीच्यांनी खाली बघून जेवण उरकलं.

साळूबाई एवढ्यावर थांबली नाही. कचेरीचा कारभार उर्दूत, म्हणून जब्बारनं ओळखीच्या मौलवीकडून पाटलाविरुद्ध उर्दूत अर्ज लिहून घेतला. तो घेऊन ती आवडाबरोबर दोन दिवस चालत तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकुनानं अर्ज वाचला, रजिस्टर उघडून दाखवलं. पिंपळखोऱ्याची सगळी नावं तिथं होती आणि प्रत्येकापुढं बुखार लिहिलं होतं. नोंद गावच्या पाटलानंच दिली होती. तिनं द्वारकाच्या लेकराच्या नावापुढं तरी तहान लिहा म्हणून सांगितलं. असा रकाना नाही, कारकून म्हणाला.

काकासाहेब मरेपर्यंत पाटीलच राहिला. साळूबाईनं कडूबाचं रान एकटीनं कसलं. आवडाला मुकुंदवाडीत दिलं, आणि हात चालेनासे झाले तेव्हा लेकीकडं राहायला गेली. तिथं ओट्यावर म्हाताऱ्या बायका जमत. कुणी मानमोडीत अमुक मेले, तमुक मेले म्हटलं, की ती हातानं थांबवायची. म्हणायची, पिंपळखोऱ्यातले सगळे तापानं नाय गेले. मग बायका कंटाळल्या तरी, कोण तहानेनं गेलं ते ती नावानिशी सांगायची.