दाजींनी आवळलेला पाइप

अवसरी बुद्रुकच्या नवनाथचा गावाने सत्कार केला, तेव्हा शाल घालणाऱ्यांपैकी एकालाही तो काय काम करतो हे सांगता आलं नसतं. फळ्यावर ‘अणुशास्त्रज्ञ’ लिहून सगळे मोकळे झाले. मी त्याचा शाळासोबती, मंचरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मला त्याने चहा पिता पिता समजावलं होतं. अणुवीज प्रकल्पात भयंकर गरम पाणी नेणारे पाइप असतात. तापले की ते लांबतात. सरकायला जागा मिळाली नाही, तर सगळा ताण जोडावर येतो आणि जोड तडकतो. पाइप कुठे धरायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हा हिशोब नवनाथ पुण्यातल्या एका कंपनीत बसून करायचा.

त्याला शिकवलं ते ओतूरच्या घराने. थोरली बहीण रत्ना तिथे दिलेली. अकरावी-बारावीला तो तिच्याकडेच जेवला, तिच्याकडेच झोपला. तिचे मालक भगवंत, आम्हा सगळ्यांचे दाजी, नदीचं पाणी रानात नेणाऱ्या पाइपलाइनी जोडायचे. जुन्नर-आंबेगावात त्यांच्या हाताला तोड नव्हती. पंप सुरू झाला की गार पाण्याच्या पाइपाला हिसका बसतो, म्हणून दाजी क्लॅम्प असा आवळायचे की पाइप जागचा हलू नये. ढिला क्लॅम्प दिसला की दुसऱ्याच्या कामावरसुद्धा त्यांचं डोकं फिरायचं.

२००३ च्या सुमारास परराज्यातल्या एका नव्या प्रकल्पावर पाइप बसवायचं काम निघालं. नवनाथनेच ठेकेदाराकडे शब्द टाकून दाजींना आणि त्यांच्या माणसांना तिकडे नेलं. गरम पाइपाची गोष्ट मात्र त्यांना कुणी सांगितली नाही. मला चहावर सांगणाऱ्या नवनाथने तरी सांगायची! पण ज्यांच्या हाताखाली सुट्टीत नट आवळायचे पाने धरले, त्यांना पाइप काय शिकवायचा, असं त्याला वाटलं म्हणे.

एका आधारापाशी पाइप आणि लोखंडी चौकट यांच्यात बोटभर फट होती. नवनाथने हिशोब करून सोडलेली. दाजींना ती बघून लाज वाटली. सोबतच्या माणसाला म्हणाले, “आपल्या नवनाथच्या लाइनीत असलं ढिलं काम? लोकं काय म्हनत्याल, राव?” आणि पोलादी पट्ट्या ठोकून त्यांनी फट बुजवली, वरून रंग मारला. तपासायला आलेला साहेब रंग बघून पुढे गेला.

अणुइंधन भरायच्या आधी नुसतं पाणी तापवून चाचणी घेतात. त्या चाचणीत आधार भिंतीतून उखडला आणि पुढचा जोड तडकला. माणसाला इजा झाली नाही, एवढं नशीब. नवनाथला बोलावणं गेलं, हिशोब चुकला काय म्हणून. त्याने आधार खरवडून आतल्या पट्ट्या दाखवल्या. प्रश्न तिथेच मिटला. वरिष्ठ म्हणाले, पट्ट्या काढा, जोड नवा करा, बाकी ठेकेदार बघून घेईल.

इथे गप्प बसायचं होतं! पण नवनाथने आपले नातेवाईक आणून भरलेत, अशी कुजबुज साइटवर आधीपासून होती, आणि ती याला टोचत होती. पट्ट्या ठोकणारा हात त्याने ओळखला होताच. आपण स्वच्छ आहोत हे दाखवायला तो सगळ्यांसमोर म्हणाला, “हे भगवंतचं काम आहे. माझे मेव्हणे आहेत, तरी सांगतो.” सगळ्यांनी त्याच्या सचोटीचं कौतुक केलं. दाजींचा आणि त्यांच्या माणसांचा गेटपास संध्याकाळच्या आत गेला.

त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो. दाजी ओतूरला परतायच्या आधी बातमी एसटी स्टँडवर पोचली होती. “अणुभट्टी फोडून आलं पावणं,” म्हणत लोक हसले. हसता हसता त्यांना काम सांगायचे बंद झाले. दाजी दुसऱ्याच्या कांद्याच्या चाळीवर राखणीला राहिले. आपलं काही चुकलं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पुढच्या भाऊबीजेला रत्नाआक्का माहेरी आली नाही. तेव्हा नवनाथच ओतूरला निघाला आणि एकटं जायची हिंमत नव्हती म्हणून मला घेऊन गेला. आक्काने पाट मांडला, ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली.

“नवनाथ, मला पायपातलं कळत न्हाई,” आक्का म्हणाली. “येवढंच सांग. तू ह्यांचं नाव घेतलं नसतं, तर त्यो पायप दुरुस्त झाला नसता का?”

 नवनाथ म्हणाला, “झाला असता, आक्का.”

तिने साडी उचलून त्याच्या हातात परत दिली. “ऊठ मंग. ह्यांची यायची येळ झाली.”