काठी न्हाई, छत्री हाय

किशनराव कांबळे गेले ही बातमी मला अहमदपूरच्या बस स्टँडवर कळली, आणि तेव्हा माझ्या पिशवीत एक जिवंत मरळ होती. ओल्या पोत्यात गुंडाळलेली, लातूरला त्यांच्यासाठीच निघालेली. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा द्यावा, अंगात ताकद येते, असं आमच्याकडे म्हणतात. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या होत्या, "त्यांना काहीच गोड लागेना भाऊजी, आपल्या तळ्यातली मिळाली तर बघा." कंडक्टर मासा गाडीत घेऊ देईना. मी निवृत्त मास्तर, ऐकून घ्यायची सवय नाही. माझा आवाज चढला होता. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा, म्हणजे किशनरावांचा, मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले..." कंडक्टरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो दारातून बाजूला झाला. मी खिडकीशी बसलो. पायाशी पिशवी मधूनच हलत होती. मरळ पाण्याबाहेरही तासन्‌तास तग धरते, लवकर मरत नाही. साहेबही तसेच, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

हे नाव तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. किशनराव मत्स्य खात्यात पर्यवेक्षक म्हणून लागले आणि फार वर न चढता निवृत्त झाले. मूळचे शिरूर अनंतपाळकडचे. वडील सालगडी, घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली तीन भावंडांची पुस्तकं. त्यांची माझी गाठ पडली तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेरीच्या पाटीचा रंग अजून वाळायचा होता आणि कागदपत्रं उस्मानाबादेतच अडकून पडली होती. त्यात लागोपाठ पावसानं दगा दिलेला. मी आमच्या वाडीच्या शाळेवर होतो. वाडी तळ्याच्या अलीकडे, लातूर जिल्ह्यात. पलीकडच्या काठावर सांगवी, ती नांदेड जिल्ह्यात. तळं भरलेलं असायचं तेव्हा ते कुणाचं हे कुणी विचारत नव्हतं. दुष्काळात पाणी हटत हटत सांगवीच्या अंगाला एका डोहात जाऊन बसलं, आणि बखेडा सुरू झाला. तळ्याचा ठेका वाडीच्या भोई लोकांच्या सोसायटीकडे. म्हणजे पाणी गेलं नांदेडात आणि मासे राहिले लातूरचे!

सोसायटीचा मारोती म्हणायचा, "बोटाएवढाली बोटुकली आमी सोडली, पोसली आमी. पानी सरकलं म्हून लेकरं दुसऱ्याची होतेत का?" सांगवीचे व्यंकटराव, गावातले मोठे शेतकरी, शांतपणे सांगायचे, "माज्या हद्दीत आलेलं जितराब माजं." दोघांचा बेत मात्र एकच होता. समोरच्यानं जाळं टाकायच्या आत आपण डोह झाडून न्यायचा. त्या वर्षी जिकडेतिकडे विहिरींची कामं चाललेली, सुरुंगाचे तोटे हाताशी होते. एखादा तोटा डोहात टाकला की काम तमाम, असं पारावर उघड बोललं जाऊ लागलं. डोहात उरलेली मासळी म्हणजे पुढचं सगळं बियाणं. ते गेलं तर पुढं तळं भरलं तरी नुसतं पाणीच भरणार होतं, आणि भोयांची घरं कोयते घेऊन ऊसतोडीला जाणार होती. मारोतीच्या बायकोनं भांडी बांधायलाही घेतली होती.

अशा वेळी साहेब सायकलवरून आले. अंगानं किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. मी मनात म्हटलं, हा काय दिवे लावणार! त्यांनी कोतवालाला बोलावून दोन्ही गावांत दवंडी द्यायला लावली. म्हणायचं होतं की जाळं नको आणि गळही नको. पण साहेबांच्या तोंडात खात्यातला शब्द बसलेला, गळाला तिथं 'काठी' म्हणायचे; ते म्हणाले, "जाळ्यानं न् काठीनं मासे धरायला सक्त मनाई." कोतवाल ऐकलं तेच ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं डोहावर गेलो, तर सांगवीची चंदरआई भेगाळलेल्या गाळात फतकल मारून बसलेली. सत्तरी उलटलेली, गालात तंबाखू, आणि हातात एक काळी छत्री. मिटलेल्या छत्रीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला गळ, गळ पाण्यात.

"आजी, काय करून राहिला?" साहेबांनी विचारलं.

"मासे धरून राहिले."

"दवंडी ऐकली न्हाई का?"

"ऐकली की. काठीनं धरायचे न्हाईत म्हन्ला त्यो."

"मग हे काय?"

"ही काठी हाय का? काठी न्हाई, छत्री हाय. पाऊस तर येईना, म्हून तिला दुसरं काम लावलं."

साहेब मटकन खाली बसले आणि पोट धरून हसले. मला राग आला होता; सरकारी हुकमाची अशी चेष्टा आणि हे हसतात! हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी छत्री हातात घेऊन फिरवून पाहिली. मग म्हणाले, "गुरुजी, ही दोन गावं आज ना उद्या काठ्या घेऊनच एकमेकांच्या अंगावर येणार. म्हातारीनं बरोबर केलं बघा... आधी काठीच काढून घेऊ."

त्यातून निघाली बिनकाठीची शर्यत. एक दिवस गळ टाकायला मोकळीक, पण काठी आणायची नाही. बाकी घरातलं काहीही चालेल. दांड्याच्या जागी जी वस्तू असेल ती एका गावाची आणि गळ दुसऱ्या गावाचा, म्हणजे सांगवीच्या माणसाला वाडीचा जोडीदार शोधल्याशिवाय गत्यंतर नाही. जोडीला एकच मासा. गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मासळी लागली तर परत सोडायची. आणि जो भाग घेईल त्यानं तळं भरेपर्यंत डोहात जाळं टाकायचं नाही, दुसऱ्याला टाकू द्यायचं नाही. मी म्हणालो, "साहेब, दुष्काळात जत्रा भरवता? लोक शेण घालतील तोंडात." ते म्हणाले, "दुष्काळात भांडण भरलेलं चालतं व्हय?" व्यंकटराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ह्यो पोरखेळ हाय." साहेब लगेच म्हणाले, "हाव, पोरखेळच हाय. मोठ्यांच्या खेळात तोटे लागतेत, मालक." व्यंकटराव धोतर झटकून उठून गेले.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही गावं डोहाभोवती लोटली. काय काय आणलं होतं लोकांनी! झारा, पळी, सायकलचं हँडल, रेडिओची एरियल, शिंप्याची लोखंडी पट्टी. एका गोंधळ्यानं तुणतुण्याच्या तारेलाच गळ बांधला. म्हणाला, मासा लागला की आपोआप वाजतंय. मला पंच केलं होतं आणि पहिल्या घटकेतच माझं डोकं उठलं, कारण एक जण मुसळ घेऊन आला. मुसळ काठी आहे की नाही? वाडीचे म्हणाले काठी, सांगवीचे म्हणाले मुसळ. आवाज चढले, बाह्या सरसावल्या गेल्या. साहेबांनी मुसळ हातात घेऊन तोललं आणि निवाडा दिला, "ज्यानं डोकं फुटतं ती काठी." मुसळ बाद, पहार बाद, तराळाची चिलीम पास. तो निवाडा आजही आमच्या दोन्ही गावांत चालतो, बांधावरच्या भांडणात कुणी दगड उचलला तर बायका म्हणतात, "ठेव की खाली, ती काठी हाय."

उन्हं चढल्यावर व्यंकटराव आले. हातात वडिलांच्या हुक्क्याची जुनी नळी. शोभेखातर आलो असं दाखवत होते, पण नळी चिंच लावून घासून आणलेली दिसत होती. वाडीचा एकच जोडीदार उरला होता, आणि तो मारोती. मारोतीनं आपला गळ नळीला बांधला. दोघं शेजारी बसले, दोन दिशांना तोंडं करून, जणू सोयरीक मोडलेले व्याही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नळी एकदम खाली ओढली गेली. मारोती ओरडला, "ढील द्या मालक, ढील द्या!" व्यंकटराव ओरडले, "अरे तूच धर की, माजा हात सटकून राहिला!" दोघांनी मिळून ओढली ती हातभर लांबीची मरळ, पोट गच्च भरलेलं.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. व्यंकटरावांना गाभोळी किती आवडते हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. आणि ते मासा घेऊन चालू लागले असते तर त्यांना अडवायची हिंमत कुणात नव्हती, सरकारी माणसातही नव्हती. मग सगळेच गाभोळी नेणार, आणि संध्याकाळपर्यंत डोह रिकामा. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हात मागं बांधून घेतले होते. सांगायचं ते सांगून झालं होतं. व्यंकटरावांनी मरळीच्या पोटावरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "सोड, मारोती. लेकुरवाळी हाय." मारोतीनं तिला दोन्ही हातांनी पाण्यात ठेवली आणि ती सरळ तळाला गेली.

शर्यत झाऱ्यानं जिंकली, पण ते कुणाला आठवत नाही. चंदरआईच्या छत्रीला दिवसभरात एक जुनी चप्पल लागली. जाताना तिनं छत्री साहेबांच्या हातात दिली, "घ्या बक्षीस. पाऊस आला की उघडा."

बक्षीस खात्याकडूनही मिळालं. दुसऱ्या जिल्ह्याच्या पाण्यात, टंचाईच्या दिवसांत, कोणत्या अधिकारात खेळ मांडला, म्हणून साहेबांना वर बोलावलं गेलं. ते म्हणाले, "मासे लातूरचे होते साहेब. ते जिकडं गेले तिकडं मी गेलो." थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली मुदखेडला, म्हणजे नांदेड जिल्ह्यातच. मला वाटलं, खचतील. ते मात्र माझ्या ओसरीवर चहा पीत म्हणाले, "लई ब्येस झालं गुरुजी. आता पानीबी माजंच." आणि पाऊस पडेपर्यंत दर रविवारी मुदखेडहून येऊन ते डोहावर बसले. गाड्या बदलून, धूळ खात, पदरचं तिकीट काढून. कधी कधी काठावर ते एकटेच असायचे. एकदा डोहात कुणाचं तरी जाळं सापडलं, ते व्यंकटरावांनी स्वतः कंबरभर पाण्यात उतरून ओढून काढलं. पुढं पावसाला दया आली. तळं भरलं आणि कडेच्या गवतात मरळीच्या तांबड्या पिल्लांचे घोळके फिरताना दिसले, खाली त्यांच्यावर राखण करणारे आईबाप. साहेब त्या दिवशी छत्री उघडायचं विसरून चिंब भिजले होते. मारोतीच्या बायकोनं बांधलेली भांडी सोडून पुन्हा फळीवर मांडली.

तेव्हापासून दर वैशाखात शर्यत होते. चंदरआई गेली, व्यंकटराव गेले, मारोतीही गेला. साहेब निवृत्त होऊन लातूरला राहिले, तरी वैशाख चुकवला नाही. पुढं गुडघे गेले. डॉक्टरांनी काठी घ्या म्हटल्यावर ते चिडले, "मी काठीवर बंदी घातलेला माणूस हाय!" आणि चंदरआईच्या छत्रीवर भार टाकून चालू लागले. तिचं कापड किती वेळा बदललं असेल देव जाणे. दांडा आणि टोक मात्र तेच. लातूरच्या रस्त्यावर, भर उन्हात, मिटलेली छत्री टेकत चाललेल्या त्या माणसाला कुणी हटकलं की ते थांबून सगळी कथा पहिल्यापासून सांगायचे. वहिनी म्हणायच्या, "भाजी आणायला गेले की दुपारीच परत येतात."

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्यांना बाहेर आणून ठेवलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं. स्मशानातून परत आलो तर वहिनींनी माझी पिशवी मोरीत बादलीत रिकामी केलेली. मरळ जिवंत होती. वहिनी म्हणाल्या, "परत न्या भाऊजी, त्यांना आवडलं असतं." मग दाराआडची छत्री काढून माझ्या हातात दिली. "ही पण न्या. इथं आता कोण टेकणार..." तोवर मी रडलो नव्हतो. छत्रीची मूठ हातात आली, त्यांच्या पकडीनं एका बाजूला झिजलेली, आणि मला रडू आवरलं नाही.

मरळ मी डोहात सोडली. त्याला आता काही आठवडे झाले. यंदा पाणी पुन्हा सांगवीच्या अंगाला सरकलं आहे. पुन्हा तीच बोलणी कानावर येतात, फक्त तोट्यांच्या जागी आता पाण्याच्या मोटारी आल्यात. डोह उपसून मोकळा करू म्हणतात. शर्यतीचं काढलं की लोक म्हणतात, साहेब गेले, आता कसली शर्यत. मला या वाक्याचा संताप येतो. माणूस गेला म्हणून मासळीनं काय अंडी घालायचं थांबवायचं?

म्हणून आज सकाळी मी छत्रीच्या टोकाला नुसता दोरा बांधला आणि गाळात जाऊन बसलो. गुडघे माझेही दुखतात. थोड्या वेळानं मारोतीचा थोरला आला. तोच आता सोसायटीचा चेअरमन आहे, केस पिकलेत. "गुरुजी, काठी कधीपासून धरली?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "काठी न्हाई, छत्री हाय."

त्यानं वाकून छत्रीची मूठ पाहिली. घराकडे वळला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात आईचा झारा होता. माझ्या शेजारी बसत तो म्हणाला, "दांडे तर झाले दोन." गळ सांगवीचा यायला पाहिजे, तसा नियमच आहे. आम्ही दोघं पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसलो आहोत.