देवाच्या पाण्यातले मासे

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या मच्छीमार संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर धरणात गाळ साचावा तसे साचलेत. मासळी काठाला लागेपर्यंत काम नसतं, चहा असतो, आणि चहा असला की कुणी ना कुणी सुरू होतंच. मी इतकी वर्षं ऐकत बसलोय. त्यातले थोडे सांगतो.

आधी जागा सांगतो. जिंतूर तालुक्यात पूर्णेच्या धरणाचा फुगवटा आहे. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, शेजारचं एक टेकाड तेवढं वर राहिलं. बाकीचं गाव नव्या गावठाणात गेलं, मासेमारी करणाऱ्या भोयांची घरं मात्र टेकाडावरच राहिली. धरण भरलं की चारही बाजूंनी पाणी, उन्हाळ्यात एका अंगाने चिखलाची वाट. समुद्र इथल्या निम्म्या लोकांनी टीव्हीतच पाहिलाय, पण बेटावर राहण्याचे हाल सगळ्यांना पाठ आहेत.

आणि मी या संस्थेचा सचिव. घर चारठाण्याचं, पुजाऱ्याचं. मासा कधी तोंडात घातलेला नाही. नोकरी मागायला गेलो तेव्हा चेअरमन नामदेवराव तराफ्यावर बसून जाळं झटकत होते.

"मासे वळखता का?"

"नाही."

"खाता का?"

"नाही."

नामदेवराव बाकीच्यांना म्हणाले, "ह्यांनाच घ्या. आदीचे सचिव रोज सगळ्यात मोठी मरळ घरी न्यायचे."

तेव्हापासून टेकाडावर मी 'महाराज'. आणि घरी अजूनही अंगणातल्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय बायको मला उंबरा ओलांडू देत नाही.

*

एकदा मुंबईहून एक मॅडम आल्या. बेटांवरच्या मच्छीमारांचा अभ्यास करत होत्या. खाऱ्या पाण्यातली बेटं पाहून झाली होती, आता गोड्या पाण्यातलं पाहायचं होतं. स्वभावाने चांगल्या, चिखलात न कुरकुरता चालल्या. शेडमध्ये बसून त्यांनी सवयीने विचारलं, "इथे भरती-ओहोटीचं कसं असतं?"

मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात नामदेवराव म्हणाले, "हाय की. भरती भादव्यात येती. ओहोटी कालव्याला पानी सोडल्यावर."

"म्हणजे वर्षातून एकदाच?"

"यखाद्या वर्षी तेबी न्हाई."

मॅडम हसल्या. मग नामदेवरावांनी त्यांना काठाचं वाळलेलं गवत दाखवलं. मरळ त्या गवतात घरटं करून अंडी घालते, आणि पाणी एकदम उतरलं की घरटं उघड्यावर पडतं. मॅडमनी त्या गवताचे बरेच फोटो काढले.

*

आता शेवंताबाई. टेकाडावरची सगळ्यात वयस्क बाई. लग्न होऊन आल्या तेव्हा जुनं गाव अजून कोरडं होतं. दोन्ही मुलं बाहेरच राहिली, एक ऊसतोडीला, एक पुण्यात. घरात त्या आणि नातू दत्ता. दत्ता पंचविशीचा, पाण्यात उतरला की वर कधी येईल याचा नेम नाही, आणि बोलायला तेवढाच कंजूस.

एका वर्षी डेंग्यूची साथ आली. आशाताईंनी घरोघर फुकट मच्छरदाण्या वाटल्या. पंधरा दिवसांनी त्या विचारपूस करायला आल्या. "मच्छर कमी झाले का?"

एकजण प्रामाणिकपणे म्हणाला, "मच्छराचं म्हाईत न्हाई ताई, पर झिंगे लय घावायलेत."

सगळ्या मच्छरदाण्या पाण्यात होत्या. झिंग्यांबरोबर माशांची नखाएवढी पिल्लंही निघत होती, ती वाळवून कोंबड्यांना जात होती. दुपारी सगळे झोपल्यावर शेवंताबाईंनी काठावरच्या मच्छरदाण्या गोळा केल्या आणि स्वतःच्या कोंबड्यांच्या खुराड्याभोवती आठ पदरी गुंडाळून शिवून टाकल्या. लोक भांडायला आले तर म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांला मच्छर चावायलेत."

पुढच्या खेपेला आशाताईंनी नोंद केली, टेकाडावर मच्छरदाणीचा वापर समाधानकारक.

*

यानंतरचा किस्सा सगळे हसत सांगतात, पण मला तो हसत सांगता येत नाही.

टेकाडावर रीत आहे. नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला की त्याच्या ताटात कटला माशाचं डोकं वाढायचं, आणि ते ताटाबाहेर आलं पाहिजे. नाहीतर सासरच्यांची पाण्यात पत नाही असं समजतात. दत्ताच्या बहिणीला राणीसावरगावला दिली. जावई यायचे ठरले आणि दत्ता रोज पहाटे जाळं घेऊन निघायला लागला. मिळायची ती फक्त चिलापी, तळहाताएवढी. हा बाहेरून आलेला मासा. धरणात भाडेकरू म्हणून शिरला आणि आता घरमालक झालाय.

जावई आले त्या सकाळी दत्ता मोटारसायकल काढून गुपचूप जिंतूरला गेला आणि आंध्राच्या ट्रकमधून उतरलेला, बर्फात झोपलेला कटला घेऊन आला. डोकं ताटाबाहेर चांगलं चार बोटं आलं. जावयाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "कायबी म्हना, ह्या धरणाच्या मासळीची चव कुटंच न्हाई."

शेवंताबाई म्हणाल्या, "जेवा पावनं, पोटभर जेवा. लय लांबून यावं लागलं त्याला."

जावयाला काही कळलं नाही. दत्ताला कळलं. पाहुणे गेल्यावर तो आजीला म्हणाला, "आज्जे, आपन भोई असून मासे इकत आनायलाव. मी पुण्याला जातो, काकानं कंपनीत काम बगितलंय. न्हाईतर देवाचं पानी उगडा, तितं मोटे हायत."

दत्ता गेला की शेवंताबाईंच्या घराला कुलूपच लागणार होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

*

देवाचं पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या गावाबरोबर महादेवाचं देऊळही बुडालं. तेव्हापासून देवळावरच्या पाण्यात जाळं टाकायचं नाही असा दंडक. जागा ओळखायची खूण सोपी: तराफ्यावर उभं राहायचं, पलीकडच्या काठावरची बाभूळ आणि तिच्यामागच्या डोंगराची खिंड एका रेषेत आली की तिथे देव. त्या पाण्यात मासा सुखाने वाढतो आणि पावसाळ्यात तिथूनच पिल्लं सगळीकडे पसरतात. धरणात चिलापीशिवाय जे काही उरलंय ते त्या तुकड्यामुळे, हे माझं मत नाही, सगळ्यांचंच आहे.

चैत्रात तिथे पूजा असते आणि ती माझ्या गळ्यात पडलेली. मला पोहता येत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर दोन्ही हातांनी कड धरून मी मंत्र म्हणतो आणि नारळ नामदेवराव सोडतात. एकदा ते म्हणाले, "महाराज, औंदा पूजा लय जल्दी उरकली."

मी म्हटलं, "देवाला ऐकू गेलं. आता वळवा."

पलीकडच्या काठावरचा एकजण एकदा तिथे चोरून मासेमारी करून गेला. दुसऱ्या दिवशी तो मासळी विकायला जिंतूरला गेला आणि तिथेच तापाने फणफणला. त्याच्या घागरीत एक मरळ अजून जिवंत होती. मरळ लवकर मरत नाही. तो घाबरला आणि घागर मांडीवर घेऊन जिंतूरहून एसटीने परत निघाला. वाटेत मरळ घागरीत उसळ्या मारायला लागली, पाणी शेजारच्या माणसावर. कंडक्टर आला. "हे लगेज कुणाचं?"

"देवाचं," तो म्हणाला.

"मग देवाला सांगा, सीटखाली ठेवा."

मरळ सुखरूप पोचली, आणि तापही उतरला. तापाचं कारण दुसरंही असेल, पण टेकाडावर तसं म्हणून बघा.

*

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस नाही, आणि असलेलं पाणी कालव्याला गेलं. धरण रोज खाली जायला लागलं. पूर्वीच्या दुष्काळातही असं झालं म्हणतात, पण तेव्हा सगळं टेकाड ऊसतोडीला गेलेलं, बघायला कोणी नव्हतं. या खेपेला बरीच घरं थांबली होती.

आमच्या नेहमीच्या मासेमारीच्या जागेत पाण्याखाली एक दगड होता. त्यात जाळी अडकायची, फाटायची. त्या दगडाला शेडमध्ये ज्या शिव्या पडल्यात त्या मला लिहिता येणार नाहीत. एके सकाळी तो दगड पाण्याबाहेर आला. नामदेवराव बघायला गेले आणि टोपी काढून तसेच तराफ्यावर बसले. तो महादेवाच्या देवळाचा कळस होता.

मग इतकी वर्षं आम्ही राखलं ते काय? पाणी आणखी उतरलं आणि देवाच्या पाण्यातून जाड दगडी भिंतीचा कोपरा वर आला. शेवंताबाईंना तराफ्यावरून नेलं. त्यांनी भिंत पाहिली, गंजलेल्या फाटकाची कडी पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यो तर कोंडवाडा. निजामाच्या वक्ताचा. माज्या सासऱ्याची म्हैस हितंच कोंडली व्हती."

मोकाट गुरं कोंडायची जागा! चूक बाभळीची होती. खुणेची पहिली बाभूळ कधीतरी वठून पडली, लोकांनी शेजारची धरली. ती पडली तेव्हा तिच्या शेजारची. प्रत्येक बाभळीबरोबर देव थोडा सरकत गेला आणि शेवटी कोंडवाड्यात जाऊन बसला. आणि मी, चारठाण्याच्या पुजाऱ्याचा मुलगा, दर चैत्रात जीव मुठीत धरून कोंडवाड्याला मंत्र ऐकवत होतो. आम्ही इतके हसलो की तराफा हलायला लागला.

दत्ता मात्र हसला नाही. कोंडवाड्याच्या खोलगट जागेत उरलंसुरलं पाणी होतं आणि त्यात मोठमोठ्या माशांच्या पाठी दिसत होत्या. तो म्हणाला, "मंग हितं देव न्हाई. जाळं टाकायला काय हरकत हाय?"

त्या पाण्यात टेकाडाच्या सगळ्या चुलींचा उन्हाळा निघाला असता. आणि ते मासे संपले तर पुढे धरणभर नुसती चिलापी, हेही प्रत्येकाला समजत होतं. दत्ता आजीकडे बघून म्हणाला, "ह्ये उगडलं तर मी ऱ्हातो. न्हाईतर सोमवारची गाडी हाय."

बाई नातवाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हो म्हणणार. मी त्यांच्या जागी असतो तर म्हटलं असतं.

त्या म्हणाल्या, "देवाच्या दारात इतकी वर्सं जाळी टाकली, वरून शिव्या घातल्या. त्ये पानी आजपसून बंद."

"आन ह्ये?"

"ह्येला जबान दिलेली हाय."

"कोंडवाड्याला?"

"मासळीला."

नामदेवराव कळसाकडे बघत होते. ते एवढंच म्हणाले की आता बाभळीवर भरोसा नको, पक्क्या खुणा पाहिजेत. तेलाचे रिकामे डबे आणि दोरी शेडमध्ये होतीच. दोरीला दगड बांधून तळाशी नीट बसवायला बुडी मारणारा एकच माणूस होता. तराफा टेकाडाला लागताच दत्ताने शेडमधून डबे आणून तराफ्यावर टाकले आणि तो निघाला.

आम्ही काठावर उभे राहिलो. कोंडवाड्यापासून कळसापर्यंत एक बंद पट्टा धरायचं ठरलं होतं, तो टेकाडाकडे कुठवर आणायचा ते शेवंताबाईंवर सोडलं होतं. दत्ता लांबून ओरडला, "हितं?"

शेवंताबाईंनी हाताने पुढे जा म्हणून खुणावलं.

"हितं?"

अजून पुढे. काठावर चुळबुळ सुरू झाली. पट्टा ज्या दिशेने सरकत होता तिकडे ज्याच्या-त्याच्या दारापुढचं मासेमारीचं पाणी होतं, आणि प्रत्येकजण मनात आपलं दार मोजत होता. बाईंचा हात मात्र एकाच बाजूला वळत होता.

दत्ता थांबला. "आज्जे, आनखी सरकलो तर आपलंच घर येतंय."

"मंग आपल्या दारापस्तोर घे. लोकाच्या दारातलं काहून घ्यायचं?"

दत्ता तराफ्यावर तसाच उभा राहिला. मग त्याने शेवटचा डबा उचलला, बुडी मारली, आणि डबा त्यांच्या घरासमोर पाण्यावर तरंगायला लागला. तो वर आला, तोंडावरून हात फिरवला आणि ओरडून विचारलं, "आन आता ह्ये राखायचं कोनी?"

शेवंताबाई घराकडे वळल्या होत्या.

"भाकर खाऊन घे आदी," त्या म्हणाल्या.